मंडईच्या झालरींना दवापासून वाचवणारे पाइप-बादलीचे डबे

चिखला (ता. तुमसर) : गणपती पावसात बसतात, नवरात्रात परतीचा पाऊस गाठतो आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई सुरू झाली की रात्रभर दव पडतं. या तिन्ही वेळी मांडवाची झालर सहसा टिकते, जळतो तो तिचा कंट्रोलर. दुकानातून आणलेल्या झालरीवर ‘आयपी 65’ छापलेलं असलं तरी तो आकडा झालरीच्या पट्टीचा असतो. बटणाच्या छोट्या डबीला तो लागू होईलच असं नाही.

त्या आकड्याचा अर्थ सोपा आहे. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. 65 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि पाण्याची धार मारली तरी बिघाड होत नाही. 44 म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सहन होतात, धार नाही. पण अशा डब्याला घरी भोक पाडलं की छापलेला आकडा गेला.

बहुतेक ठिकाणी कंट्रोलरला पन्नी गुंडाळून वरून दोरी करकचून बांधतात. नुकसान इथूनच सुरू होतं. रात्री हवा गार झाली की पन्नीच्या आत ओल जमते आणि तिला बाहेर जायला वाट नसते. दुसरं पाणी येतं वायरवरून. वरून उतरणारी वायर थेट डब्यात शिरली की पाऊस तिच्याच आधाराने आत जातो, मग भोकाला कितीही सिलिकॉन लावा. म्हणून दोन गोष्टी पाळाव्या : वायर नेहमी खालून आत न्यावी आणि डब्याला खालून हवा राहू द्यावी. डब्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन तिथंच टपकतं.

साध्या बटणाच्या कंट्रोलरला बोअरच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप पुरतो. दीड फुटाचा तुकडा कापून एका तोंडाला टोपण सोल्यूशनने पक्कं चिकटवावं. टोपण वर, उघडं तोंड खाली. कंट्रोलर आणि प्लगचा जोड नायलॉनच्या पट्टीने आत वरच्या अर्ध्या भागात टांगावा. खालच्या तोंडाला मच्छरजाळी बांधावी, नाहीतर पाल आणि मुंग्या आत घर करतात. चिकटटेपचे जोडही याच पाइपात घ्यावे, कारण उन्हात टेपचा गोंद सुटतो. पाइपाला बाहेरून चुना मारला तर दुपारी तो कमी तापतो.

पिक्सेल लाइटचा मामला वेगळा. त्याला 5 किंवा 12 व्होल्टचा जाळीदार सप्लाय लागतो. तो चांगलाच तापतो आणि त्याचे 230 व्होल्टचे स्क्रू बरेचदा उघडेच असतात. इथं रंगाची रिकामी बादली कामाला येते. पाटी आडवी-उभी मारून बादली तिच्यावर पालथी टांगावी, सप्लाय आतल्या पाटीला स्क्रूने बसवावा आणि चारही बाजूंनी दोन बोटं जागा सोडावी. तेलाचा पत्र्याचा डबा वापरू नये. आत वायर सोलली तर अख्खा डबाच करंट मारतो.

खाणीच्या रस्त्यालगतच्या मांडवांना धुळीचाही त्रास आहे. जोडांवर बसलेली धूळ दवाने ओली झाली की त्या ओल्या थरातून करंट गळतो. आठवड्यातून एकदा मेन बंद करून कोरड्या ब्रशने झटकावं.

डबा कितीही चांगला बनवला तरी माणसाचा जीव त्याच्या भरवशावर ठेवू नये. साध्या झालरीचा स्वस्त कंट्रोलर बटण दाबून चमक बदलतो खरा, पण त्यातून निघणाऱ्या वायरी थेट मेनशी जोडलेल्याच असतात. सोललेली झालर आणि लोखंडी मांडवाचा खांब एकमेकांना टेकला तर खांबात करंट उतरतो. एमसीबी अशा वेळी पडेलच असं नाही, तो मुख्यतः वायर वाचवायला असतो. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. दुकानात काही जण त्याला ईएलसीबी म्हणतात. पाइप-बादलीपेक्षा तो महाग पडतो, पण काटकसर करायचीच तर झालरीच्या लांबीत करावी, यात नको. बसवल्यावर त्यावरचं टेस्ट बटण दाबून पाहावं, पडला नाही तर वापरू नये. लोखंडी खांबांना अर्थिंग हवंच. मंडळांना महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, तारेवर आकडा टाकायची गरज नाही.

डबा लावण्याआधी तो पाण्याने तपासावा. करंट न जोडता आत वर्तमानपत्राचा तुकडा टांगायचा आणि झारीने वरून व बाजूंनी पाच मिनिटं पाणी घालायचं. कागद कोरडा निघाला तर ठीक. दुसऱ्या दिवशी पहाटे, दव पडल्यावर, पुन्हा पाहायचं. ओला निघाला तर बहुधा खालचं तोंड जमिनीच्या फार जवळ असतं किंवा वायरला झोळ नसतो. डबा पोरांच्या हाताला न लागेल इतका उंच, जमलं तर छपराच्या पडवीखाली लावावा. विजेच्या खांबावर कधीच नको.

भिजलेला कंट्रोलर लगेच सुरू करून पाहू नये. आधी मेन बंद, मग प्लग काढून दोन-तीन दिवस सावलीत वाळवावा. पिनांवर हिरवट-पांढरा गंज दिसला तर तो फेकलेला बरा.