दफनभूमीच्या दारांतील कुत्रा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडेल, तर कांहींना हंसूं येईल. सार्वजनिक दफनभूमींत कुत्र्यांना प्रवेश असावा कीं नसावा, हा का इतिहासाचा प्रश्न? तो तर म्युनिसिपालिटीचा प्रश्न. फाटकावर पाटी लावली कीं संपला! परंतु पाट्यांनाहि इतिहास असतो. 'कुत्र्यांना मज्जाव' हे शब्द कोणत्या भीतीपोटीं लिहिले गेले, हें पाहूं लागलें म्हणजे मृतांविषयीं जिवंतांचें कर्तव्य कोणतें, या मोठ्या प्रश्नापाशीं आपण येऊन ठेपतों. म्हणून मुंबई, एडिंबरो आणि वॉशिंग्टन या तीन शहरांतील तीन हकीगती मी आज आपणांपुढें मांडणार आहे.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, ती भीति पोकळ नव्हती. पूर्वीं खड्डे उथळ असत आणि भटकीं जनावरें माती उकरीत. मेल्यावर आपला देह कुत्र्यांच्या तोंडीं लागावा, यापरती विटंबना जुन्या काळच्या मनुष्याला ठाऊक नव्हती. होमरच्या इलियड महाकाव्याच्या अगदीं आरंभींच हें भय व्यक्त झालें आहे. इंग्लंडांतील कित्येक गांवीं प्रार्थनेच्या वेळीं देवळांत शिरलेले कुत्रे हांकलून लावण्यासाठीं पगारी मनुष्य ठेवलेला असे. उलट आपल्या महाभारतांत, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास युधिष्ठिर नकार देतो, आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्मच होता असें शेवटीं कळतें. तात्पर्य, मृत्यूच्या दाराशीं उभ्या असलेल्या या प्राण्याविषयीं मनुष्याचें मन पूर्वींपासून दुहेरी आहे. एका हातानें त्यानें काठी उगारली आणि दुसऱ्या हातानें त्याला कुरवाळलें.

पहिली हकीगत मुंबईची. पारशी समाजाच्या अंत्यविधींत 'सगदीद' नांवाचा एक संस्कार सांगितलेला आहे. फारसी भाषेंत 'सग' म्हणजे कुत्रा आणि 'दीद' म्हणजे पाहणें. प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पडावी म्हणून त्याला मुद्दाम जवळ आणावयाचें. त्याच्या डोळ्यांवर दोन ठिपके असले तर तो 'चार डोळ्यांचा' म्हणून विशेष योग्य. त्या दृष्टीनें प्रेताला ग्रासणारी अमंगल शक्ति दूर पळते, अशी श्रद्धा. देहांत प्राणाचा अंश उरला असल्यास तो कुत्र्याला कळतो, म्हणून ही रीत पडली असावी, असाहि एक अर्थ लावला जातो. अर्थ कोणताहि घ्या. जेथें इतर लोक कुत्र्याला बाहेर काढतात, तेथें हा धर्म त्याला सन्मानानें आंत बोलावतो.

आणि हा सन्मान केवळ ग्रंथांतला नव्हता. कंपनी सरकारच्या अमदानींत मुंबईंतील बेवारशी कुत्रे उन्हाळ्यांत मारून टाकण्याचा नियम होता, आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागें आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभानें शिपाई लोकांच्या दारांतील कुत्रेहि ओढूं लागले, तेव्हां ६ जून १८३२ रोजीं पारशी मंडळींचा संताप अनावर झाला. दुकानें बंद पडलीं, गोऱ्या पलटणीची रसद अडविली गेली, इतर समाजांतील लोकहि सामील झाले आणि अखेर लष्कराला पाचारण करावें लागलें. मुंबईच्या इतिहासांत हा प्रसंग 'कुत्र्यांचा दंगा' म्हणून नमूद आहे. एरवीं शांत व राजनिष्ठ म्हणून गाजलेला हा समाज कशासाठीं रस्त्यावर उतरला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मुंबई सोडण्यापूर्वीं साताऱ्याचीहि आठवण करूं. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथें राजघराण्यांतील समाध्या आहेत. छत्रपति शाहू महाराज १७४९ सालीं निवर्तले. तेथेंच त्यांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याचें दगडी स्मारक दाखवितात. शिकारींत त्यानें वाघापासून महाराजांचा जीव वांचविला, अशी परंपरागत कथा आहे. रायगडावर विसाव्या शतकांत उभारलेल्या वाघ्याच्या पुतळ्याचा वाद मात्र निराळा. तो पुतळा २०१२ सालीं कांहींजणांनीं हलविला व मागाहून तो पुनः बसविण्यांत आला. तेथें प्रश्न ऐतिहासिक पुराव्याचा आहे, कुत्र्याच्या प्रवेशाचा नव्हे. म्हणून आज त्यांत मी शिरत नाहीं.

आतां स्कॉटलंडांत जाऊं. एडिंबरो शहरांत ग्रेफ्रायर्स नांवाचें एक जुनें देऊळ आणि त्याभोंवतीं दफनभूमि आहे. ही जागा मेरी राणीनें १५६२ सालीं शहराला दिली. धर्मस्वातंत्र्याच्या प्रसिद्ध प्रतिज्ञालेखावर १६३८ सालीं सह्या झाल्या त्याहि येथेंच. या भूमींत आजहि कांहीं थडग्यांवर लोखंडी पिंजरे दिसतात. ते कुत्र्यांसाठीं बसविलेले नाहींत. वैद्यकीय शाळांना शवविच्छेदनासाठीं प्रेतें हवीं असत, चांगली किंमत येत असे, आणि रात्रीं थडगीं उकरून तीं चोरणाऱ्यांच्या टोळ्या होत्या. हा व्यापार बंद व्हावा म्हणून पार्लमेंटनें जो कायदा केला त्याचें सालहि १८३२च! म्हणजे ज्या वर्षीं मुंबईंत कुत्र्यांपायीं दंगा झाला, त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें मृतांचें माणसांपासून रक्षण करण्याची पाळी आली होती. दफनभूमीची सर्वांत मोठी अप्रतिष्ठा चार पायांच्या प्राण्यानें केली नाहीं, एवढें या पिंजऱ्यांवरून शिकतां येतें.

याच ग्रेफ्रायर्समध्यें जॉन ग्रे नांवाचा पोलीस पहारेकरी १८५८ सालीं पुरला गेला. त्याचा बॉबी नांवाचा लहानसा झुपकेदार कुत्रा त्या थडग्यापासून हालेना, अशी कथा आहे. रखवालदार जेम्स ब्राऊन यानें त्याला हांकलून पाहिलें, पण शेवटीं त्यालाच दया आली आणि त्यानें बॉबीला आसरा दिला. पुढें १८६७ सालीं संकट आलें. परवाना नसलेले कुत्रे नाहींसे करावे असा नियम होता, आणि बॉबीचा मालक तर जमिनीखालीं! तेव्हां शहराचे प्रमुख विल्यम चेंबर्स यांनीं स्वतः परवान्याचे पैसे भरले आणि बॉबीच्या गळ्यांत नांव कोरलेला पट्टा बांधला. तो पट्टा एडिंबरोच्या संग्रहालयांत आहे. बॉबी १४ जानेवारी १८७२ रोजीं मेला. पुढील वर्षीं विल्यम ब्रॉडी या शिल्पकारानें घडविलेला त्याचा पुतळा दफनभूमीजवळच्या चौकांत बसला.

ही कथा सर्वस्वीं खरी मानावी काय? यान बाँडेसन या संशोधकानें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, बॉबी हा ग्रेचा कुत्रा नसून दफनभूमींत वावरणारा एक भटका कुत्रा होता, आणि पहिला मेल्यावर त्याच्या जागीं दुसरा आला असावा. त्या काळीं युरोपांतील दफनभूमींत असे कुत्रे असत. येणारे-जाणारे त्यांना शोकग्रस्त समजून खाऊं घालीत. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें हा आक्षेप टाळूं नये. परंतु कुत्र्याच्या निष्ठेविषयीं शंका राहिली तरी शहरानें काय केलें याविषयीं शंका नाहीं. शहरानें नियम मोडला नाहीं आणि कुत्राहि मारला नाहीं. त्यानें कुत्र्याला नियमांत आणलें. पट्टा बांधला याचा अर्थ, या प्राण्याचा जबाब देणारा कोणीतरी मनुष्य आहे.

हाच विचार पुढें अमेरिकेंत एका संपूर्ण दफनभूमीच्या उपयोगीं पडला. वॉशिंग्टन शहरांत अॅनाकोस्टिया नदीजवळ सुमारें ३५ एकरांची 'काँग्रेशनल सिमेट्री' आहे. १८०७ सालीं ती स्थापन झाली. प्रारंभींच्या काळांत राजधानींत मरण पावलेल्या लोकप्रतिनिधींना तेथें पुरीत. त्यांच्या नांवाचे वालुकाश्माचे चौकोनी स्मृतिस्तंभ रांगेनें उभे आहेत. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा व पुढें उपाध्यक्ष झालेला एल्ब्रिज गेरी तेथें आहे, चॉक्टॉ जमातीचा नायक पुश्मताहा तेथें आहे, आणि लष्करी कूचगीतांचा रचनाकार जॉन फिलिप सूझा हाहि तेथेंच आहे. एवढी थोरवी असून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या भूमीची दुर्दशा झाली. जुनीं कुटुंबें दूर गेलीं, निधि आटला, गवत कमरेएवढें वाढलें, दगड कोसळले आणि मादक पदार्थांचे व्यापारी निर्धास्तपणें वावरूं लागले. १९९७ सालीं राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेनें देशांतील अत्यंत धोक्यांत असलेल्या स्थळांच्या यादींत तिचें नांव घातलें.

त्या वेळीं तेथें नियमानें येणारे लोक कोण होते? शेजारचे रहिवासी, आणि त्यांच्या बरोबरचे कुत्रे! या मंडळींनीं संघटना केली, वर्गणी काढली, गवत कापलें, कचरा उचलला. पुढें या व्यवस्थेला रीतसर रूप आलें. सभासदांची संख्या मर्यादित, वार्षिक वर्गणी ठरलेली, शिवाय स्वतः कांहीं तास श्रमदान करण्याची अट. अंत्यविधि चालू असतां कुत्र्यांना आंत येऊं देत नाहींत. या वर्गणीनें संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा उचलला. आणि सकाळ-संध्याकाळ माणसांची ये-जा सुरू होतांच गुन्हेगारांनीं काढता पाय घेतला. २०११ सालीं या दफनभूमीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०१३ सालीं तर रानटी वेली खाण्यासाठीं शेळ्यांचा एक कळपहि तेथें आणला होता. पण त्यांची हकीगत पुन्हा केव्हां तरी.

आतां याच वॉशिंग्टनच्या पलीकडे, पोटोमॅक नदीच्या दुसऱ्या तीरावर, आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमि आहे. १८६४ पासून सैनिकांना तेथें मूठमाती दिली जाते. तेथें अपंगांचे साहाय्यक कुत्रे वगळतां इतर कुत्र्यांना सक्त मनाई आहे. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन उलट नियम. यांपैकीं एक चूक असलाच पाहिजे काय? मला तसें वाटत नाहीं. आर्लिंग्टनमध्यें कामाच्या प्रत्येक दिवशीं अंत्यविधि होत असतात. तेथील मातीवर आज अश्रु पडत आहेत. काँग्रेशनल सिमेट्रींतील बहुसंख्य थडग्यांवर अश्रु ढाळणारे स्वतःच थडग्यांत जाऊन शतक लोटलें. एके ठिकाणीं शोकाला एकांत पाहिजे. दुसऱ्या ठिकाणीं विस्मृतीला तोडणारें पाऊल पाहिजे. नियम दोन असले तरी त्यांचा हेतु एकच आहे.

विरुद्ध बाजूचें म्हणणें मी हलकें लेखीत नाहीं. नुकतेंच मूल गमावलेली माता फुलें घेऊन यावी आणि त्याच दगडाशीं एखाद्या कुत्र्यानें पाय वर करावा, ही कल्पनाहि असह्य आहे. तिच्यापुढें वर्गणीचे हिशेब मांडणें हा अडाणीपणा होईल. म्हणून जेथें नवीन थडगीं आहेत तो भाग कुत्र्यांना बंदच असावा. जेथें मुभा असेल तेथेंहि साखळी मनुष्याच्या हातांत असावी, घाण त्यानेंच उचलावी, आणि त्याचे पैसे त्याच भूमीच्या दुरुस्तीला लागावे. ज्या समाजाच्या धर्मभावनेला कुत्र्याचा स्पर्श निषिद्ध वाटतो, त्याच्या कबरस्तानांत बाहेरच्यांनीं हा वाद नेऊंच नये. आणि ज्या समाजानें कुत्र्याला अंत्यविधींत स्थान दिलें, त्याला हंसूंहि नये.

परंतु ज्या जुन्या सार्वजनिक दफनभूमींत वर्षांत चार माणसें फिरकत नाहींत, तेथें केवळ पाटी लावून मृतांचा सन्मान राखल्याचें समाधान मानूं नये. पाटी वाचणाराच कोणी येत नसेल तर ती कोणासाठीं? कुंपण मोडतें, दगड निखळतात, अक्षरें झिजतात, आणि एके दिवशीं ती जागा कोणाच्या तरी इमारतीला उपयोगी दिसूं लागते. त्या आधीं एखादा शेजारी कुत्र्याला घेऊन रोज तेथें फिरूं लागला, वाटेंत थांबून एखादें नांव वाचूं लागला आणि पडलेला दगड पाहून कचेरींत कळवूं लागला, तर त्यानें त्या मृतांची अप्रतिष्ठा केली असें मला म्हणवत नाहीं. दार उघडावें कीं लावावें हें ठरवितांना कारभाऱ्यांनीं आधीं एवढेंच विचारावें: या भूमींत शेवटचें मनुष्य केव्हां येऊन गेलें?