जुन्या गाडीचा गिअर का वाजतो? कांदिवलीच्या जीपपासून आजच्या पिकअपपर्यंत



भाजी, दूध, खताची पोती वाहायला जुनी पिकअप घ्यायची म्हटली की आपल्यापैकी पुष्कळजण मुंबईच्या उपनगरांकडे वळतात. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे वापरलेली गाडी रंगाने बरी आणि किलोमीटरने कमी दिसते. चालवून बघताना मात्र गिअर खर्रकन वाजतो. विकणारा म्हणतो, "काका, जुन्या गाडीला एवढं असायचंच." बरोबर नेलेला मिस्त्री म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." दोघांपैकी खरा कोण, हे गाडी कोणत्या काळच्या बनावटीची आहे त्यावर ठरते. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

मोटारगाडी नवी होती तेव्हा, १८९० च्या दशकात, फ्रान्समध्ये लव्हासोर यांनी सरकत्या गिअरची पद्धत रूढ केली. दांड्याने एक दातेरी चाक सरकवायचे आणि दुसऱ्यात अडकवायचे. दोन्ही चाकांचा वेग जुळला नाही तर दातावर दात आपटतो. तेव्हाच्या गाडीचा हा स्वभावच होता. त्यावर चालकांनी काढलेली तोड म्हणजे डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, पुन्हा दाबून खालचा गिअर टाकायचा. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आले. यात दात भिडण्याआधी दोन्ही भाग एकमेकांना घासून समान वेगावर येतात. पुढे हे काम बहुतेक गाड्यांत पितळी कड्या करू लागल्या.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने आधी माझगावला विलिस जीपचे सुटे भाग जोडले आणि पुढे कांदिवलीच्या कारखान्यात जीप तयार केली. ट्रॅक्टरसाठी १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली, तिचा बी-२७५ हाही कांदिवलीचाच. ज्यांनी तो चालवला त्यांना ठाऊकच आहे की, त्याचा गिअर गाडी उभी करूनच बदलायचा. चालत्या ट्रॅक्टरवर घाई केली की दात ओरडलेच!

महिंद्रने बरीच वर्षे केलेल्या सीजे-३बी जीपला तीन गिअर. त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो होते, पहिल्याला नव्हते. म्हणजे अशी जीप चालत असताना पहिला गिअर वाजला तर ती बिघडलेली नाही. ती थांबवून पहिला टाकावा, नाहीतर डबल क्लच करावा. आजच्या पिकअपचे तसे नाही. तिच्या पुढच्या सगळ्या गिअरना सिंक्रो असते. तिचा दुसरा किंवा तिसरा वाजत असेल तर "जुन्या गाडीचं असायचंच" हे विकणाऱ्याचे बोलणे मुळीच मानू नये. जीपला जो स्वभाव होता, तो पिकअपला आजार आहे.

पण आजार गिअरबॉक्सचाच, असेही लगेच धरू नये. इथेच मिस्त्री हजारो रुपयांचे काम सांगून जातो. रिव्हर्सला बहुतेक पिकअपमध्ये सिंक्रो नसते, त्याचा उपयोग करून घ्यावा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही वाजला तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. तार किंवा क्लचचे तेल, पेडलची मोकळीक आधी तपासून घ्यावी. हे काम थोडक्यात होते. रिव्हर्स गप बसला आणि एखादाच पुढचा गिअर वाजला, तर मात्र त्या गिअरची पितळी कडी झिजली असण्याचा संभव जास्त.

क्लच घसरतो का, तेही पाहावे. गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, पुढे कोणी उभे नको. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर प्लेट धरते आहे. इंजिन आरामात फिरतच राहिले तर प्लेट गेली, किंवा तिच्यावर तेल उतरले. ही परीक्षा एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

कमी किलोमीटरवर भुलू नका असे मी म्हणतो त्याचे कारण हेच. उपनगरातल्या गर्दीत गाडी मैलभर जायला पन्नास वेळा थांबते. चालकाचा डावा पाय पेडलवरच विसावलेला. शेताच्या रस्त्यावर जेवढ्या अंतरात क्लच जेमतेम झिजेल, तेवढ्यात तिथे तो संपतो. आकडा कमी, पण क्लच म्हातारा.

आवाज कान देऊन ऐकावा. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर किरकिर सुरू झाली तर क्लच बेअरिंग गेलेले असते. उलट, पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर बेअरिंग गिअरबॉक्सच्या आतले. उतारावर पाय उचलताच गिअर आपोआप सुटतो का, हेही बघावे. सुटत असेल तर किंमत पाडून मागावी किंवा सरळ दुसरी गाडी बघावी. माझे मत दुसरी बघण्याचेच. मालक तयार असेल तर गिअरबॉक्सचे थोडे तेल काढून बोटावर चोळावे. पिवळी चकाकी पितळी कडीची, टोचणारे कण पोलादी दातांचे.

क्लचप्लेट बदलायचीच झाली तर त्याच वेळी प्रेशर प्लेट तपासून घ्यावी आणि बेअरिंग नवे घालावे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तेवढीच पडते. जुन्या जीपच्या प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.