टाऊ प्रथिन

टाऊ प्रथिन : चेतापेशींत, विशेषतः त्यांच्या अक्षतंतूंत आढळणारे व सूक्ष्मनलिकांना चिकटणारे प्रथिन. १९७५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात मार्क कर्शनर यांच्या गटाने ते डुकराच्या मेंदूपासून वेगळे केले. सूक्ष्मनलिका ज्या प्रथिनाच्या बनतात, त्या शुद्ध ट्युब्युलिनच्या नलिका आपोआप जुळत नव्हत्या. हा घटक परत मिसळताच जुळू लागल्या. माणसात त्याचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असून प्रौढ मेंदूत ३५२ ते ४४१ ॲमिनो अम्लांची सहा रूपे मिळतात.

कार्य : टाऊ नलिकांना बाहेरून धरते, फॉस्फेट गट जडले की पकड सैल होते. ते नलिकांना स्थैर्य देते, असे सरसकट लिहिले जाते. पण टाऊ नसलेल्या उंदरांची (१९९४) मज्जासंस्था बरीचशी नेहमीसारखी वाढली.

प्रयोगशाळेतील उपयोग : मानवी जनुक ई. कोलाय जीवाणूत घालून टाऊ तयार करतात. त्याला स्वतःची ठरलेली घडी नसते, म्हणून उष्णतेने मोडण्यासारखे काही नसते. फोडलेल्या जीवाणूंचा द्राव उकळत्या पाण्यात ठेवला की बाकीची बहुतेक प्रथिने नासलेल्या दुधासारखी फुटून खाली बसतात, टाऊ मात्र वरच्या नितळ द्रवात राहते. जेलवर सर्वांत लांब रूपाचा पट्टा खऱ्या ४६ किलोडाल्टनऐवजी बराच वर, साठीच्या आसपास दिसतो; नवख्याने तो पाहून नमुना फेकू नये.

ट्युब्युलिन व जीटीपीसह ३७° से. तापमानाला नलिका जुळताना द्रावण गढूळ होत जाते. तो गढूळपणा ३५० नॅनोमीटरला मोजतात. अल्झायमरसारख्या विकारांत टाऊ गोळा होऊन त्याचे तंतू बनतात; प्रयोगशाळेत मात्र नुसते टाऊ सहसा गोळा होत नाही. हेपॅरिन घातले की तंतू बनतात आणि थायोफ्लेविन रंगद्रव्य त्यांवर चमकते. गोळा होणे रोखणारी कित्येक संयुगे याच पद्धतीने पारखली गेली. मात्र २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अल्झायमर रुग्णाच्या मेंदूतील तंतूंची रचना शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली, आणि २०१९ मध्ये हेपॅरिनने बनलेले तंतू त्याहून वेगळ्या घडीचे निघाले. त्यामुळे केवळ हेपॅरिनच्या नळीत प्रभावी ठरलेले संयुग रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या तंतूंवर पुन्हा तपासल्याखेरीज ग्राह्य धरू नये.

विकार : अल्झायमर, पिक रोग व वाढता अधिकेंद्रकीय पक्षाघात यांत टाऊ मेंदूत गोळा होते. १९९८ मध्ये टाऊ जनुकातील उत्परिवर्तनांमुळे आनुवंशिक स्मृतिभ्रंश होतो, हे सिद्ध झाले.

निदान : अल्झायमरच्या निदानासाठी २१७ व्या स्थानी फॉस्फेट असलेले टाऊ रक्तातही मोजता येते.