कायोटीला साद घालणारं यंत्र: उणे २० अंशांत कोणता ‘कॉलर’ टिकतो?

बर्फानं पांढरं झालेलं शेत, थर्मल कॅमेऱ्याचं करडं चित्र, कुठूनतरी सशाची किंकाळी आणि पडद्याच्या कडेनं धावत येणारा एक चमकता ठिपका. अमेरिकेतल्या रात्रीच्या शिकारीचे असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येऊन गेले असतील. त्यातला ससा खरा नसतो. बर्फात ठेवलेल्या एका स्पीकरमधून तो ओरडत असतो.

या स्पीकरला तिकडे ‘इलेक्ट्रॉनिक कॉलर’ म्हणतात. कॉल करतो तो कॉलर, शर्टाच्या कॉलरशी त्याचा संबंध नाही. आत शेकडो आवाजांच्या फाइल्स असतात, बाहेर भोंगा असतो आणि शिकाऱ्याच्या हातात रिमोट. किंमत साधारण दीडशे डॉलरपासून सहाशे-सातशे डॉलरपर्यंत जाते. एवढे पैसे मोजून घेतलेलं यंत्र जानेवारीच्या रात्री अर्ध्या तासात मान टाकतं, ही तिथल्या शिकाऱ्यांची नेहमीची तक्रार. म्हणून प्रश्न असा की निवडताना नेमकं बघायचं काय?

हे आलं कुठून?

तोंडानं फुंकायच्या शिट्ट्या आधीपासून होत्या. १९६० च्या दशकात टेक्सासच्या जॉनी स्टुअर्ट यांनी प्राण्यांच्या खऱ्या आवाजांच्या रेकॉर्ड विकायला सुरुवात केली. मग कॅसेट आल्या आणि त्यानंतर डिजिटल यंत्रं. पेनसिल्व्हेनियातल्या लुईसटाऊनची ‘फॉक्सप्रो’ ही या बाजारातली आज सर्वात ओळखीची कंपनी.

सावज असतं मुख्यतः कायोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला थोराड भाऊबंद. हिवाळ्यात अन्न कमी असतं, त्यामुळे सशाची किंवा उंदराची आर्त किंकाळी त्याला लगेच खेचून आणते. जानेवारी ते मार्च हा त्याचा जोडीचा काळ. तेव्हा दुसऱ्या कायोटीची हूल ऐकूनही तो येतो, कधी मादीच्या ओढीनं तर कधी हद्दीत घुसलेल्याला हाकलायला.

खरा शत्रू थंडी

नॉर्थ डकोटा किंवा मिनेसोटात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसखाली जाणं नवलाचं नाही. आपल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसे अल्कलाइन सेल तिथे लगेच बसतात. त्यांच्यातलं द्रावण पाण्याचं असतं. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि स्पीकरला लागणारा जोर सेल देऊ शकत नाही. सेल संपलेला नसतो, गारठलेला असतो. घरी आणून गरम झाला की तोच पुन्हा चालतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

म्हणून यंत्र घेताना पहिला प्रश्न बॅटरीचा. ज्यात एए सेल बसतात त्यात एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल चालतात का, हे माहितीपुस्तिकेत बघावं. हे सेल उणे ४० अंशांपर्यंत काम करतील असे बनवलेले असतात. महाग आहेत, पण थंडीत पैसे वसूल. रिचार्जेबल लिथियम-आयन पॅक उणे २० च्या आसपास कमी वेळ चालतो, तरी चालतो. मात्र तो गारठलेला असताना चार्जिंगला लावू नये. शून्याखाली चार्ज केलं तर आत लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. मुरलेले शिकारी तर बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतात आणि जागेवर पोचल्यावरच बसवतात.

जास्त डेसिबल म्हणजे जास्त चांगलं?

इथे जाहिराती फसवतात. खोक्यावर मोठा आकडा असतो, पण तो किती अंतरावर मोजला हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. एका मीटरवर ११० डेसिबल धरले तर ६४ मीटरवर ७४ आणि ५१२ मीटरवर सुमारे ५६ उरतात, म्हणजे साध्या गप्पांएवढे. बर्फाळ, वारा पडलेल्या रात्री कायोटीच्या कानाला तेवढे पुष्कळ झाले. शिवाय अशा रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो आणि लांब पोचतो. उलट ताजा भुसभुशीत बर्फ आवाज शोषतो.

मोठ्या आवाजाची गरज पडते ती वारा सुटलेल्या माळरानावर. एरवी बघायची ती खालची बाजू, अगदी हळू वाजवताना आवाज स्वच्छ राहतो का? कायोटी शंभर मीटरवरच्या झुडपात बसलेला असेल आणि भोंगा एकदम किंचाळला, तर तो उलट्या दिशेनं पळणार. बारीक चिरक्या आवाजांसाठी भोंग्याचा स्पीकर चांगला, हुलीच्या भरदार आवाजासाठी पडद्याचा. दोन्ही असलेलं यंत्र जड होतं, आणि गुडघाभर बर्फात ते वाहून न्यायचं असतं.

रिमोट

कायोटी सहसा वाऱ्याच्या खालच्या बाजूनं वळसा घालून, वास घेत येतो. म्हणून स्पीकर माणसापासून पन्नास-नव्वद मीटर दूर ठेवतात. तिथपर्यंत रिमोट पोचायलाच हवा, आणि कंपनी सांगते तो पल्ला मधे काहीही नसतानाचा असतो. टचस्क्रीनपेक्षा जाड हातमोज्यात दाबता येणारी बटणं बरी. पडद्याचा उजेड मंद किंवा लाल करता यावा, नाहीतर शिकाऱ्याचा चेहराच कंदील होतो.

हाकेला कोण येईल याचा नेम नाही

यंत्र बोलावतं, पण निवडत नाही. शेजारच्या फार्मवरचं कुत्रं येऊ शकतं, आवाजाला फसलेला दुसरा शिकारीही येऊ शकतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये लांडगाही येतो, आणि २०२२ च्या न्यायालयीन निकालानंतर तिथल्या लांडग्यांना पुन्हा संघीय संरक्षण आहे. थर्मल दुर्बिणीत दिसतो फक्त उष्णतेचा ठिपका. अंतर कळत नसेल तर जवळचा कायोटी आणि लांबचा लांडगा सारखेच दिसतात. यंत्रावर खर्च करून दुर्बिणीत काटकसर करणं इथे महागात पडतं.

कायदेही एकसारखे नाहीत. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत रेकॉर्ड केलेल्या आवाजाला अमेरिकेत देशभर मनाई आहे, काही हंसांसाठीच्या खास मोहिमांचा अपवाद सोडून. कायोटीसाठी मात्र रात्रीची शिकार, दिवे, थर्मल स्कोप यांचे नियम प्रत्येक राज्य आपापले करतं. मेंढपाळांना कायोटीचा उपद्रव खराच आहे. पण मारून त्यांची संख्या टिकाऊ कमी होत नाही, उरलेल्या माद्यांना जास्त पिल्लं होतात, असं अनेक जीवशास्त्रज्ञ सांगतात. कायोटी मारण्याच्या बक्षिसी स्पर्धांवर कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये आणि व्हरमाँटनं २०१८ मध्ये बंदी घातली.

आणि आपल्याकडे?

रील बघून ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर थांबा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार कोल्हा, खोकड, लांडगा हे सगळे संरक्षित आहेत. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात गोळी घालणंच नव्हे, तर प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणाऱ्यांनाही हे लागू पडू शकतं. विणीच्या हंगामात खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात पक्ष्याचा वेळ जातो आणि घरटं तेवढा वेळ उघडं पडतं.