प्रश्न ताटातला, पद्धत केंब्रिजची: डॉ. कमला सोहोनी

संशोधनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी भेटले की हमखास एक प्रश्न येतो: "विषय कसा निवडायचा?" त्या प्रश्नामागे एक भीती असते. मोठ्या संस्थेत मोठे प्रश्न असतात, आपल्या आजूबाजूला जे दिसतं ते संशोधनाच्या लायकीचं नसतं, असं अनेकांना मनातून वाटत असतं. म्हणून आज विषय-निवडीचे नियम सांगत बसत नाही. एका मराठी शास्त्रज्ञ बाईंचा इतिहास सांगते, आणि सुरुवात वालापासून करते.

भात कापून झाला की आमच्या पेण-रोह्याकडे शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. गागोदे बुद्रुकच्या परिसरात थंडीत आलात तर पोपटीची मडकी लागलेली दिसतील आणि घराघरांत वालाचं बिरडं शिजत असेल. आता बिरड्याची कृती आठवा. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मग चांगले शिजवायचे. कच्चे वाल कोणी मूठभर खात नाही. पण का? कच्च्या वालात असं नेमकं काय असतं, आणि शिजवल्यावर त्याचं काय होतं?

हा प्रश्न स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत नेणाऱ्यांमध्ये डॉ. कमला सोहोनी होत्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत कडधान्यांतल्या प्रथिनांवर सलग काम केलं. त्यात आपला वालही होता. पण तिथपर्यंत पोचायला त्यांना जे करावं लागलं, ते आधी समजून घेऊ.

प्रवेश नाकारला, तेव्हा

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. होय, त्याच दुर्गाबाई, ज्यांनी १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध भूमिका घेतली. तेव्हा ठामपणा घरातलाच म्हणायचा.

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन कमलाबाई बी.एस्सी. झाल्या. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच पुढे जायचं, हे ठरलेलं होतं. त्यांनी बंगळूरला अर्ज केला. त्याच वर्षी सर सी. व्ही. रामन संस्थेचे संचालक झाले होते. नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. त्यांनी अर्ज फेटाळला. कारण एकच: अर्जदार बाई आहे.

कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या, रामन यांना भेटल्या आणि कारण विचारलं. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, अशी भूमिका घेतली. सत्याग्रह हा शब्द त्या काळात हवेतच होता. गागोद्यात जन्मलेल्या विनोबांना गांधीजींनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं ते १९४० साली. त्याच्या सात वर्षं आधी एक तरुण मुलगी तेच हत्यार एका भारतीय शास्त्रज्ञाच्या दारात वापरत होती, हे लक्षात घ्या. समोर इंग्रज सरकार नव्हतं, आपलाच माणूस होता.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नसतील, परीक्षाधीन असतील. कामाच्या दर्जाबद्दल संचालकांचं समाधान झालं तरच ते काम मान्य होईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेचं वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये!

या अटी पुन्हा वाचा. पहिल्या तीन कामाविषयी आहेत असं म्हणता येईल. चौथी त्यांच्या असण्याविषयीच आहे. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण अपमान म्हणून लक्षात ठेवल्या आणि उतारवयात जाहीरपणे बोलूनही दाखवल्या. रामन मोठे शास्त्रज्ञ होते आणि या बाबतीत कोत्या मनाचे होते, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्रच सांगितल्या. इतिहास लिहिताना आपल्यालाही हे जमलं पाहिजे.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३६ मध्ये विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या. पहिल्या वर्षाचं काम पाहून रामन यांचं मत बदललं होतं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं होतं.

केंब्रिज: चाळीस पानांचा प्रबंध

१९३७ च्या अखेरीस त्या केंब्रिजला पोचल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक गौलँड हॉपकिन्स तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केलं. प्रकाशसंश्लेषणातली 'हिल अभिक्रिया' शिकला असाल, तेच हे हिल.

प्रश्न असा होता. पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवते तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे देत देत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवते. या साखळीतले सायटोक्रोम नावाचे रंगीत रेणू केंब्रिजमध्येच डेव्हिड काइलिन यांनी १९२५ च्या सुमारास कीटकांत आणि यीस्टमध्ये ओळखले होते. मग वनस्पतींचं काय? वनस्पती श्वसन तशाच यंत्रणेनं करतात का?

अडचण व्यवहारातली होती. सायटोक्रोम ओळखायचे ते त्यांनी शोषलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यांवरून. हिरव्या पानात क्लोरोफिलचा रंग एवढा गडद की त्याखाली हे पट्टे झाकले जातात. म्हणून बिनहिरव्या ऊती सोयीच्या. कमलाबाईंचं काम बटाट्यावर सुरू झालं. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, असं त्यांनी दाखवलं. हिल आणि भागवत यांचं फुलझाडांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं टिपण १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. अर्थ मोठा होता: बटाटा, यीस्ट आणि आपण, सगळ्यांची श्वसनाची मूळ यंत्रणा एकाच घराण्यातली.

प्रबंध दीड वर्षाच्या आत पूर्ण झाला आणि तो अवघा चाळीस पानांचा होता. तीनशे पानांच्या प्रबंधाचं दडपण घेऊन बसलेल्यांनी हा आकडा भिंतीवर लावायला हरकत नाही. एक स्पष्ट प्रश्न, योग्य ऊती, नेमकं मोजमाप आणि उत्तर. पानं त्यानुसार ठरली.

जाता जाता काळ बघा. 'मॉलिक्युलर बायोलॉजी' हा शब्द वॉरन वीव्हर यांनी वापरात आणला तो १९३८ साली. त्याच वेळी केंब्रिजमध्येच मॅक्स पेरुट्झ हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकत होते. सजीवांचे प्रश्न रेणूंच्या भाषेत विचारायचे, ही सवय जिथे घडत होती त्याच गावात कमलाबाई शिकत होत्या.

'पहिली' या शब्दाबद्दल थोडं

'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला' अशी कमलाबाईंची ओळख सगळीकडे दिली जाते. संशोधन करायचं असेल तर 'पहिला', 'पहिली' हे शब्द दिसले की थांबायची सवय लावा. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती, म्हणजे आठ वर्षं आधी. पदवीचं नाव वेगळं, विद्यापीठ वेगळं, विषय वेगळा. त्यामुळे 'पहिली' म्हणजे कशात पहिली, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. कमलाबाईंचं मोठेपण या बिरुदावर अवलंबून नाही, त्यामुळे ते तपासायला घाबरायचंही कारण नाही.

वाल आणि ट्रिप्सिन

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या नव्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. संचालकपद पात्रता असूनही काही वर्षं लांबलं, पण शेवटी तेही त्यांनी भूषवलं.

आता वालाकडे येऊ. आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एक विकर असतं. प्रथिनांची लांब साखळी ते ठराविक जागी, म्हणजे लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी कापतं. कच्च्या कडधान्यांत काही प्रथिनं अशी असतात की ती ट्रिप्सिनच्या कापायच्या खाचेत जाऊन घट्ट बसतात. कात्रीच्या पात्यांत खडा अडकला तर कात्री जशी मिटत नाही, तसंच. यांना ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला असा रोधक १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपात वेगळा केला आणि जगभर कडधान्यं तपासली जाऊ लागली.

सोहोनी बाईंच्या गटानं भारतीय खाद्यपदार्थांतले ट्रिप्सिन-रोधक तपासले, वालातला रोधक वेगळा करून शुद्ध केला आणि त्याचे गुणधर्म नोंदवले. वालातल्या आणखी एका प्रकारच्या प्रथिनांवर, रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या हिमॅग्लुटिनिनवरही काम झालं. असं प्रथिन खाऊ घातल्यावर उंदरांच्या वाढीवर काय परिणाम होतो, तेही पाहिलं गेलं.

ही प्रथिनं उष्णतेनं, विशेषतः पाण्यात नीट शिजवल्यावर, आपला आकार गमावतात. आकार गेला की खाचेत बसणंही गेलं. बिरडं 'चांगलं शिजव' असं आजी का म्हणायची, त्याचं रेणूंच्या पातळीवरचं एक उत्तर हे आहे. शिवाय कडधान्यांत लायसिन भरपूर पण गंधक असलेली अमिनो आम्लं कमी, तर भाताचं बरोबर उलट. म्हणून भात आणि वाल एका ताटात आले की एकमेकांची उणीव भरून काढतात.

आणि वालाला हा रोधक हवा कशाला? १९७२ मध्ये अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की किड्यानं पान कुरतडलं की टोमॅटो आणि बटाट्याची झाडं असे रोधक जास्त बनवू लागतात. म्हणजे हे झाडांचं संरक्षण. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घाटे अळीविरुद्ध वनस्पतींतले रोधक कसे वापरता येतील यावर बरंच काम झालं. पोषणासाठी विचारलेला प्रश्न असा पीकसंरक्षणापर्यंत जातो.

त्यांचं सर्वांत गाजलेलं काम मात्र नीरेवरचं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी पहाटे उतरवलेल्या, न आंबलेल्या ताडाच्या रसाचं पोषणमूल्य तपासलं. त्यात लोह आणि जीवनसत्त्वं असल्याचं आढळलं आणि कुपोषितांच्या आहारात तिचा उपयोग करून पाहिला गेला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. भेसळीविरुद्ध काम करणाऱ्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या १९८२-८३ मध्ये त्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात लिहीत होत्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.

यातून काय घ्यायचं?

'जिद्द असली की सगळं मिळतं' हा धडा मात्र घेऊ नका. कमलाबाईंच्या मागे रसायनशास्त्रज्ञ वडील आणि काका होते. बंगळूरपर्यंत जायची सोय होती, त्या दारात थांबायचं बळ होतं. नकाराचं पत्र वाचून ज्या मुली घरीच राहिल्या, त्यांची नावं कुठल्याही चरित्रात नाहीत. आपण इतिहास वाचतो तो आत पोचलेल्यांचा. उद्या तुमच्यापैकी कोणी प्रवेश देणाऱ्या खुर्चीत बसेल, तेव्हा ही न लिहिलेली यादी डोळ्यांसमोर ठेवा.

घ्यायचा तो प्रश्न विचारायचा सराव. सायटोक्रोमवर 'नेचर'मध्ये लिहिलेल्या बाईंना परत येऊन वाल आणि नीरा हे विषय लहान वाटले नाहीत. केंब्रिजमध्ये शिकलेली शिस्त, म्हणजे रेणू वेगळा करा, शुद्ध करा, मोजा, मग बोला, तीच त्यांनी इथे लावली. विषयाचा मोठेपणा त्या शिस्तीतून आला.

म्हणून या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या घरी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली एक कृती निवडा: आंबोळीचं पीठ आंबवणं, सोलं वाळवणं, मासे खारवणं, काहीही. तीन ओळी लिहा. यात कोणता बदल होतो? तो कशानं मोजता येईल? तुलनेसाठी दुसरा नमुना कोणता घ्याल? तिसऱ्या ओळीपाशी बहुतेक जण अडतात. तिथे अडलात की समजा, काम सुरू झालंय.