एकसष्टाचे कोडे

भास्कराचार्यांचे नाव निघाले की लीलावतीच्या लग्नाची दंतकथा आपण सारेच हौसेने सांगतो. पण त्यांच्या हिशेबात डोकावणारे किती? आज आम्ही त्यांचा एकच हिशेब आपल्यापुढे मांडणार आहोत.

अशी पूर्ण संख्या काढा, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा. ६१ च्या जागी ६० असते तर उत्तर अवघे ४. कारण १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ असते तर उत्तर ८. मग ६१ चे उत्तरही असेच चिमुकले असेल, असे कोणासही वाटेल. परंतु शून्य सोडल्यास त्याचे सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. आणि मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा! एकेक संख्या घेऊन पाहणाऱ्याने आशाच सोडावी.

इ. स. ११५० च्या सुमारास आचार्यांनी ‘बीजगणितात’ हा प्रश्न घालून सोडवला, तो ‘चक्रवाल’ रीतीने. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ ने अधिक. येथून चक्र एकदा फिरवले की ३९ चा वर्ग १५२१ हाती येतो. तो ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून ४ नेच कमी. अंतर ४ वर आले की ब्रह्मगुप्ताची ‘भावना’, म्हणजे दोन उत्तरांच्या मिलाफातून तिसरे काढण्याची इ. स. ६२८ मधील युक्ती, उरलेले काम करते. तिने ३,८०५ व २९,७१८ या संख्या मिळतात. त्यांच्या गुणाकाराची दुप्पट हेच आपले बावीस कोटींचे उत्तर!

पुढे १६५७ साली फ्रान्समध्ये फर्माने नेमका हाच ६१ चा प्रश्न समकालीनांपुढे टाकला. इंग्लंडात ब्राउंकरने अशा प्रश्नांची रीत शोधली. ऑयलरने चुकून तिचे श्रेय पेलला दिले, आणि ते नाव आजही चालते.

म्हणून आम्ही छाती फुगवावी काय? अभिमान जरूर असावा, पण तो नेमका असावा. इ. स. १०७३ मधील उदयदिवाकराच्या टीकेत जयदेवाची चक्रवाल रीत आढळते. म्हणजे ती भास्कराचार्यांच्याही आधीची. आणि वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येसाठी असे उत्तर असतेच, ही सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. ज्याचे त्याला देण्याने आचार्य लहान होत नाहीत.

चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे त्यात नमूद आहे. नातवाने जयघोषाची नव्हे, अध्ययनाची सोय केली. आज घरी गेल्यावर आपण कागद घ्यावा आणि ३९ चा वर्ग तेवढा करून पाहावा. आचार्यांना तेच वंदन अधिक आवडेल, असे आम्हांस वाटते.