घडवंचीखालची वाळू

आमच्या इतिहासकारांनी गढ्या मोजल्या, सनदा वाचल्या, लढायांच्या तिथ्या निश्चित केल्या. परंतु त्या गढ्यांतील माणसे संक्रांतीनंतर गाजरे किती दिवस टिकवीत, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. प्रश्न क्षुद्र वाटेल. तथापि ज्या मुलखात पाऊस वरचेवर हुलकावणी देतो, तेथे साठवण हाच प्रपंचाचा पाया असतो. आणि माझे बालपण ज्या श्रीपुरात गेले, ते सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले.

धान्याच्या साठ्याचा इतिहास आपणांस पुष्कळ ठाऊक आहे. पंधराव्या शतकात, बहामनी अमलात, दुष्काळ पडला असता मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेस खुली केली, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलासही सांगता येते. विठोबाने महाराचे रूप घेऊन धान्याचे मोल बिदरास भरले, हा भाग भक्तांचा. पण मंगळवेढ्यास वाटून टाकण्याजोगा साठा असतो हे कथेने गृहीतच धरले आहे, आणि अभ्यासकास मोलाचे आहे ते तेवढेच. पेव, बळद, कणगी, रांजण, उतरंड हे शब्द पाहा. एका ज्वारीच्या भोवती केवढा हा परिवार! त्यांत पेव सर्वांत जुने व सर्वांत शास्त्रशुद्ध. कोरड्या, कठीण जमिनीत तोंडाला अरुंद व पोटाला रुंद असा खड्डा खणावयाचा, आतून कडबा-भुसा लावावयाचा, ज्वारी भरून तोंडावर दगड-माती लिंपावयाची. धान्य व किडे यांच्या श्वासानेच आतील प्राणवायू संपतो, किडे मरतात आणि दाणा राहतो. म्हणूनच पेव उघडताच आत उतरू नये असा दंडक होता. घाई करणारे गुदमरून मेले आहेत.

आता गाजर घ्या. वाळलेल्या ज्वारीत शेकडा 12 च्या आसपास पाणी असते, तर गाजरात सुमारे 88. दाणा निजलेला असतो, गाजर जागे असते. ते उपटल्यावरही श्वास घेते, पाला ठेवला तर तो मुळातील पाणी ओढून घेतो, आणि हवा बंद केली तर ते कुजते. सारांश, ज्या युक्तीने ज्वारी वाचते तीच युक्ती गाजरास मारक. त्याला हवे असते गारवा व ओल ही दोन्ही, आणि माघ सरला की सोलापुराकडे नेमक्या याच दोहोंचा दुष्काळ.

कागदोपत्री गाजराचा माग काढू गेल्यास हाती थोडेच लागते. धर्मशास्त्रकारांनी लसूण-कांद्याच्या पंक्तीस बसवून निषिद्ध ठरविलेले गृंजन म्हणजे गाजरच की काय, याविषयी टीकाकारांचे एकमत नाही. आज बाजारात दिसणारे नारिंगी वाण सतराव्या शतकात हॉलंडात स्थिरावले. आमचे तांबडे गाजर मध्य आशियाच्या बाजूने आलेल्या घराण्याचे. दप्तरांच्या मौनाचे कारण, माझ्या मते, उघड आहे. जे साठते त्यावर सारा बसविता येतो, आणि ज्यावर सारा बसतो त्याची नोंद होते. आठ दिवसांत सुरकुतणाऱ्या मुळाचा हिशेब कोणता कुळकर्णी ठेवील? गाजर राहिले ते भोगीच्या भाजीत, संक्रांतीच्या सुगडात आणि वाजली नाही तर मोडून खावयाच्या पुंगीत. ही म्हणसुद्धा, पाहा, ठेवण्याची नसून खाऊन टाकण्याची आहे!

मग ते टिकवीत कोण? बायका, आणि त्यांनी दप्तर ठेविले नाही. श्रीपूर हे कारखान्याचे गाव. भाटघरचा बंधारा 1928 साली पुरा झाला, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी तालुक्यात खेळू लागले, आणि 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापिलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. परंतु 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माझ्या आईचा कालव्यावर पुरता विश्वास नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या घडवंचीखाली वाळूचा वाफा असे. माठ पाझरे, वाळू ओली राही. गाजरांचा पाला पिळून काढून, ती न धुता, एकमेकांस लागणार नाहीत अशी ती आई त्या वाळूत पुरी. फाल्गुनातही आमच्या घरी कोशिंबिरीत गाजर असे, याचे तेव्हा मला काहीच नवल वाटले नाही.

पुढे 1980 च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून विजेवाचून चालणारा शीतकक्ष सिद्ध झाला. त्याचे वर्णन वाचताना मला आमची घडवंची आठवली. तत्त्व तेच : पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितका गारवा अधिक.

पण तोपर्यंत आमच्याकडे शीतकपाट आले होते. घडवंची मोडीत निघाली, आणि वाळू मीच उचलून परसातील कढीलिंबाच्या बुडाशी टाकली.

आई गेल्यावर एका हिवाळ्यात मी तो प्रयोग करून पाहिला. पहिल्या खेपेस वाळू फार ओली झाली. गाजरांस पांढरी मुळे फुटली व मागाहून ती सडली. दुसऱ्या खेपेस हात आखडता घेतला, तो ती वाळली. माठ किती पाझरू द्यावयाचा, आणि पाझर कमी पडला तर वरून किती दिवसांनी शिंपावयाचे, हे तिला विचारावयाचे राहून गेले.